धोंड्याच्या महिन्यातला एसी

परभणीच्या उन्हाळ्याला शिव्या द्यायचा हक्क फक्त परभणीकरांचा आहे. आम्ही त्याला काय वाट्टेल ते म्हणू. पण बाहेरच्या माणसानं कपाळ पुसत "काय हो हे तुमचं गाव!" म्हटलं, की माझं टाळकं सरकतं. आणि हा बाहेरचा माणूस मुलीचा सासरा असला, तर टाळकं सरकलं तरी तोंडावर हसू ठेवावं लागतं. उन्हाळ्यापेक्षा त्या हसण्यानंच जास्त घाम येतो.

शीला आमची एकुलती एक लेक. पुण्याला दिली. लग्न ऐन मे महिन्यात, इथं आमच्या दारात. मंगलाष्टकं चालू असतानाच व्याह्यांचा घोळणा फुटला. उपरण्यावर रक्त बघून त्यांच्याकडच्या बायका किंचाळल्या, आणि आमच्या भटजींनी "सावधान"च्या जागी "कांदा आणा, कांदा!" म्हटलं. कांदा हुंगवला, डोक्यावर पाणी थापलं. व्याही सावरले. पण जाताना सगळ्यांच्या देखत म्हणाले, "पेडगावकर, मुलगी सोन्यासारखी दिलीत. पण उन्हाळ्यात मी तिला या भट्टीत पाठवायचा नाही. आधीच सांगून ठेवतो."

आता सांगा, लेकीनं उन्हाळ्यात माहेरी यायचं नाही तर यायचं कधी? आंबे तेव्हाच, कुरडया तेव्हाच, गच्चीवर अंथरुणं टाकून गप्पा मारायच्या त्याही तेव्हाच. नर्मदा, म्हणजे माझी बायको, कुरडयांचा चीक हाटताना डोळ्याला पदर लावायची. का म्हणून विचारलं तर म्हणायची, "धूर लागला." घरात गॅस येऊन किती वर्षं झाली होती. पण मीही "हो, धूर फार आहे" म्हणून बाहेर जायचो.

एक्क्याण्णव साली मात्र वैशाख अधिक आला. धोंड्याचा महिना! जावयाला बोलावून धोंडे जेवू घालायचे, अनारशांचं वाण द्यायचं. हे पुण्याच्या माणसालाही टाळता येत नाही. देवाधर्माचा मामला आहे. व्याह्यांचं कार्ड आलं: "मुलगा व सूनबाई येतील. सोबत मीही येतो. हवामान समक्ष पाहून पुढील उन्हाळ्यांचे ठरवू." जावई धोंड्याला येतात हे ऐकलं होतं, धोंड्याला इन्स्पेक्टर येतो हे आमच्याकडेच. मला असा काही राग आला, की त्या तिरमिरीत मी उलट टपाली लिहिलं, "काळजी नसावी. आपल्यासाठी एसी गाडीची व्यवस्था केली आहे."

कार्ड पेटीत पडलं आणि मला आठवलं, की माझ्याकडे सायकल आहे.

एसी बसवलेली गाडी माझ्या माहितीत एकच होती, व्यंकटरावांची. व्यंकटरावांचं कापसाचं जिनिंग, शेती, आणि जिल्हा परिषदेच्या तिकिटावर डोळा. माणूस दिलदार. म्हणाले, "साहेब, गाडी तुमचीच समजा. पर एसी बंद हाय. हैदराबादहून बसवून आणला, एक दिस गार हवा आली न्हाई. तुमी शिकलेली माणसं. तेवढा दुरुस्त करून घ्या, अन् धोंडा व्हईस्तोवर खुशाल फिरवा."

व्यंकटरावांना ज्यांनी गाडीत पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. ते पुढच्या सीटवर बसायचे, काच पार खाली, कोपर बाहेर, एका बाजूची मिशी बाहेर. एक हात रस्त्याला रामराम करायला, आणि तोंड तंबाखूची पिंक टाकायला मोकळं. एकदा मी त्यांना म्हटलं होतं, धूळ येते हो. तर म्हणाले, "गाडीत कोन बसलंय ते लोकाला दिसाय नको? काचा लावून बसायला मी काय मयत हाव?" हे त्या वेळी मला लय समर्पक वाटलं होतं.

तर ती पांढरी अँबॅसिडर आमच्या अंगणात, लिंबाखाली येऊन उभी राहिली. गल्लीत गाडी चालवता येणारे तात्याराव एकटे. ते माझ्याच ऑफिसातले, अकाउंट्सचे. पण जीपचा ड्रायव्हर रजेवर गेला की साहेब त्यांनाच बोलवायचे. त्यांनीच ती आणली. आमच्या गल्लीत तेव्हा विद्यापीठाच्या नामांतराचा विषय निघाला की चहाचे कप अर्धेच राहायचे. तात्यारावांच्या घरी एक मत, समोरच्या ओळीत दुसरं, आणि मी आपला मधे, दोन्हीकडे मान हलवणारा. पण एसी बिघडलाय म्हटल्यावर दोन्ही ओळी गाडीत डोकं घालायला एकत्र आल्या. समाजाला जोडायला चांगल्या विचारापेक्षा बिघडलेलं यंत्र बरं, हे माझं तेव्हापासूनचं मत आहे.

"किती दिवसांत व्हायलाय म्हणता?" तात्यारावांनी विचारलं.

"आठवडाभरात होईल की."

"विद्यापीठाच्या नावाचा ठराव होऊन तेरा वर्षं झाली, पेडगावकर. दोन शब्दांची पाटी लागेना. अन् तुमी यंत्र आठवड्यात करायलाव!"

मी मान हलवली. कुठल्या बाजूला, ते मलाही सांगता यायचं नाही.

दुरुस्तीचं पुढारपण बन्सीधर मास्तरांनी घेतलं. मास्तर शेजारीच राहायचे. शाळेत विज्ञान शिकवायचे आणि मेच्या सुट्टीत कूलर बनवून विकायचे. अर्ध्या परभणीची झोप त्यांच्या कूलरवर अवलंबून, त्यामुळे गार हवेच्या बाबतीत त्यांच्यापुढं बोलायची कुणाची हिंमत नव्हती. त्यांनी गाडीभोवती प्रदक्षिणा घातली, बॉनेटवर थाप मारली आणि निकाल दिला, "एसी म्हणजे काय? कूलरचा पुण्याला शिकायला गेलेला भाऊ."

मग त्यांनी सगळ्यांना विचारलं, "कूलरचा पहिला नियम काय?"

"खिडकी उघडी ठेवा!" सगळी गल्ली एका सुरात म्हणाली. नर्मदासुद्धा स्वयंपाकघरातून म्हणाली. हे आमच्याकडे पाळण्यात शिकवतात. कूलर लावून खिडकी बंद केली की खोलीत दमट होतं, अंग चिकचिकतं, जीव घाबरा होतो. हवेला आत यायला वाट पाहिजे तशी बाहेर जायलाही वाट पाहिजे. त्यामुळे मास्तरांनी चारी काचा तळापर्यंत खाली केल्या. दारंही उघडी टाकली, कारण इतकी डोकी एकदम आत घालायला खिडक्या पुरेनात.

तात्यारावांनी इंजिन चालू केलं, मास्तरांनी बटण फिरवलं. घूं करून हवा आली. सगळ्यांचे हात एकदम जाळीपुढं. बाहेर अंगणात कुत्रं सावली बदलत फिरत होतं, असलं ऊन.

"कोमट आहे," मास्तर म्हणाले.

"मला थोडी गार वाटली," मी म्हटलं.

"तुम्ही आशेनं बोलायलात. विज्ञान आशेवर चालत नाही."

माझ्याच अंगणात, माझ्याच बायकोसमोर!

मग मास्तरांनी डॅशबोर्डखालचं सगळं खोललं. काय खोललं हे त्यांनाही शेवटपर्यंत कळलं नाही. काचांची हँडलं मधे येत होती म्हणून तीही काढली. एसीचं बटण ओढून पाहिलं, ते हातात आलं. परत बसवताना काही स्क्रू उरले. मास्तर म्हणाले, कंपन्या वजन वाढवायला जादाचे स्क्रू टाकतात. हँडलं त्यांनी सुतळी गुंडाळून बसवली आणि बटणाच्या जागी कूलरचं बटण ठोकलं. ते फिरायचं मस्त, गोल गोल. आत काही फिरत होतं का, हे देव जाणे.

तेवढ्यात गाडीखाली वाकलेले तात्याराव ओरडले, "पाणी गळायलंय!"

खरंच, गाडीच्या पोटातून एका बारक्या नळीतून टपटप पाणी पडत होतं. मास्तरांचा चेहरा उजळला. "सापडलं! टाकी गळकी आहे. पाणीच राहिना तर गार कशानं होणार?" कूलरच्या टाक्यांना लावायचं डांबर त्यांच्याकडे डबाभर असायचंच. त्यांनी गरम डांबरानं ती नळी अशी बुजवली, की मुंगी जाऊ नये. मग प्रश्न आला, टाकी भरायची कुठून. शोधूनही तोंड सापडेना, तेव्हा मास्तरांनी हवेच्या जाळीतूनच तांब्यातांब्यानं पाणी ओतलं. "पितोय, पितोय," ते कौतुकानं म्हणाले. नर्मदानं भरलेली कळशी रिकामी झाली. नळाला चार दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात आम्ही गाडीला पाणी पाजत होतो.

तरी हवा कोमटच. काचा अर्थातच उघड्या.

"मग गॅस संपला," मास्तरांनी शेवटचं निदान केलं. नांदेडला एकजण गॅसची टाकी देतो असं कळलं. ती एसटीच्या पार्सलनं मागवली, आणि ती जकात नाक्यावर अडली. मी सायकल हाणत गेलो. नाक्यावरचा कारकून टाकीवर चहाची बशी ठेवून बसला होता.

"हे काय हाय? खायचं का जाळायचं?"

"दोन्ही नाही. गार करायचं."

"गार करायचं म्हंजे बर्फ."

"बर्फ नाही हो, गॅस आहे."

"गॅस म्हंजे जाळायचा. जाळायचा तर घरगुती का व्यापारी?"

"जाळायचा नाहीच! गाडीत भरायचाय."

"गाडीत भरायचं म्हंजे पेट्रोल." त्यानं माझ्याकडं संशयानं पाहिलं. "साहेब, तुमी शिकलेले दिसता. एक काहीतरी सांगा. कशात बसत न्हाई त्याला मी गावात कसा सोडू? उद्या तुमच्या टाकीमुळं माझी चौकशी लागंल."

मुख्याधिकाऱ्यांचा अभिप्राय लागेल म्हणाला. मुख्याधिकारी निवडणुकीच्या कामावर. ते कधी येतील? निवडणूक झाल्यावर. मी आयुष्यात पहिल्यांदा सरकारी माणसावर ओरडलो. त्यानं बशीतला चहा संपवला, बशी परत टाकीवर ठेवली आणि म्हणाला, "ओरडू नका, टाकी तापंल."

आणि तशात पाहुण्यांचा दिवस उगवला. पुण्याची गाडी सकाळी यायची, ती वाटेत पंक्चर होऊन भर दुपारी स्टँडवर आली. शीला उतरली आणि नर्मदाला मिठी मारून उभीच राहिली. मागून जावई, आणि त्यांच्या मागून व्याही. डोक्याला ओला पंचा, हातात कांदा. स्टँडवरचे हमाल बघायला लागले.

"पेडगावकर," व्याही कांदा हुंगत म्हणाले, "एसी गाडी म्हणालात ना? बघू तर. तुमच्या या परभणीत मला घटकाभर जरी गार वाटलं, तर सूनबाईला दर उन्हाळ्यात महिनाभर पाठवीन. शब्द आहे माझा. आणि नाही वाटलं, तर पुढच्या वर्षीपासून आमरस आमच्याकडेच."

शीलानं माझ्याकडं पाहिलं. लहानपणी शाळेत सायकलवरून सोडायचो तेव्हा पुलावरच्या चढाला ती मागून असंच विचारायची, बाबा, चढेल ना? मी तेव्हा जसं म्हणायचो तसंच म्हटलं, "बस तू."

नृसिंह हे व्याह्यांचं कुलदैवत, त्यामुळं आधी पोखर्णीला दर्शन, मग घर. नर्मदा स्वयंपाकाला घरी गेली. तात्याराव गाडी चालवायला, पुढं मानानं व्याही, मागं आम्ही तिघं. काचा नियमाप्रमाणे उघड्या. गाव सुटलं आणि तव्यावरची वाफ तोंडावर यावी तशी हवा आत यायला लागली. तात्यारावांनी बटण फिरवलं, गोल गोल.

"हा एसी का?" व्याही म्हणाले.

"तापायला वेळ लागतो," मी म्हटलं. घाबरल्यावर माणूस काहीही बोलतो.

जावई पहिल्यांदा बोलले. "गार व्हायला म्हणायचंय त्यांना." चांगला मुलगा आहे.

आणि समोरून वावटळ आली. काळ्या रानातली, ताडमाड, कडबा आणि कागद घेऊन गरगरत. तात्याराव ओरडले, "काचा! काचा वर घ्या!" आम्ही चौघांनी हँडलं गरागरा फिरवली. काचा वर गेल्या आणि चारी हँडलं सुतळीसकट आमच्या हातात आली. बाहेर सगळं धुळीनं झाकलं. आम्ही डब्यात बंद.

आणि मग पायाला काहीतरी लागलं. आधी वाटलं भास. मग गुडघ्याला, मग मानेला. गार! चांगलं, पावसाळ्यात रांजणाला हात लावल्यासारखं गार. तात्यारावांनी आरशातून माझ्याकडं पाहिलं, मी त्यांच्याकडं. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. एसीला काहीच झालं नव्हतं हो! तो पहिल्या दिवसापासून धडधाकट होता. व्यंकटराव रामराम करायला काच उघडी ठेवत होते आणि आम्ही कूलरच्या नियमानं. सगळी गार हवा आम्ही अंगणातल्या कुत्र्याला देत होतो! आणि जकात नाक्यानं ती टाकी सोडली असती, तर मास्तरांनी चांगल्या एसीचा जीवच घेतला असता. सरकारी दिरंगाईचे उपकार मी त्या दिवशी पहिल्यांदा मानले.

"वा!" व्याही म्हणाले. "आहे बुवा. मानलं." त्यांनी पंचा काढला, कांदा खिशात टाकला. शीलानं माझा हात दाबला. माझी छाती गाडीत मावेना.

थोड्या वेळानं व्याही म्हणाले, "आता जरा कमी करा."

तात्यारावांनी बटण फिरवलं. गोल गोल. पुन्हा फिरवलं. ते हातात आलं.

"बंद करा मग."

"कशानं करू?" तात्याराव म्हणाले.

"काच खाली घ्या!"

आम्ही सगळ्यांनी आपापली हँडलं त्यांना दाखवली. व्याह्यांनी तोच ओला पंचा छातीशी घट्ट धरला, तेवढं काय ते पांघरूण त्यांच्याकडं होतं. "गाडी थांबवा," ते म्हणाले. पण बाहेर अजून धूळ, मागं उसाचा ट्रक, तात्याराव म्हणाले पोखर्णीचा फाटा आलाच. फाट्याला रस्त्यात खड्डा आहे. तो सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे. गाडी त्यात धाडकन आपटली, आणि मास्तरांनी टाकीत भरलेली कळशी, डांबरानं राखून ठेवलेली, आत बर्फासारखी झालेली, ती सगळीच्या सगळी जाळीतून भसकन व्याह्यांच्या मांडीवर आली.

ती किंकाळी मी सांगत नाही. सोयऱ्याची अब्रू आहे.

देवळासमोर गाडी थांबली तेव्हा व्याही दार उघडून जे पळाले, ते थेट उन्हानं तापलेल्या फरशीवर जाऊन बसले. लोक पाय भाजतात म्हणून त्या फरशीवरून उड्या मारत जात होते. हे गृहस्थ तिथं मांडी घालून, ओल्या धोतरानं, डोळे मिटून. एक म्हातारी त्यांच्या पाया पडून गेली. परतीला ते गाडीत बसलेच नाहीत. गंगाखेडहून आलेल्या एसटीत, ड्रायव्हरशेजारच्या इंजिनाला पाठ लावून बसले.

घरी धोंड्याचं ताट वाढलेलं. जावई अनारसे मोडत होते. व्याह्यांनी पंगतीला बसायला नकार दिला. अंगणात भर उन्हात बाज टाकून घेतली आणि तिच्यावर बसले. नर्मदानं ओव्याची धुरी दिली, काढा दिला. शिंका थांबेनात, दात वाजायचे थांबेनात. सगळी गल्ली कुंपणाशी उभी. वैशाखाच्या दुपारी परभणीत माणूस कुडकुडताना कुणी पाहिला नव्हता. बन्सीधर मास्तर सगळ्यांना सांगत होते, "टाकी मीच भरली होती."

"पेडगावकर," व्याही शिंकत म्हणाले, "हे गाव... हाक्छी... माणसांचं नाही. मी पुन्हा पाऊल ठेवणार नाही. आणि सूनबाईलाही—"

नर्मदानं काढ्याचा पेला खाली ठेवला.

तेवढ्यात शीला घरातून घोंगडी घेऊन आली. माझ्या वडिलांची, काळी, जाडजूड. व्याह्यांनी हात पुढं केला. शीला घोंगडी छातीशी धरून तिथंच उभी राहिली.

"मामंजी," ती अगदी आदबीनं म्हणाली, "गार वाटायलंय का तुम्हाला?"

तात्याराव कुंपणावरून पुढं वाकले. स्टँडवरचा शब्द त्यांनीही ऐकला होता. व्याह्यांनी तिच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, घोंगडीकडं पाहिलं. "नाही" म्हणायला तोंड उघडलं, तर दातच वाजले.

"घटकाभर तरी वाटलं का?" शीलानं विचारलं.

"वाटलं गं बाई!" व्याही ओरडले. "महिनाभर ये, दोन महिने ये! पण ते घोंगडं दे आधी!"

शीलानं घोंगडी त्यांच्या अंगावर नीट लपेटली, पायसुद्धा झाकले. मग ती सरळ स्वयंपाकघरात गेली आणि नर्मदाला म्हणाली, "आई, कुरडयांचा गहू भिजवलाय का? आता माझ्या हातानं करू." मी लिंबाकडं तोंड करून उपरण्यानं डोळे पुसत होतो. तात्यारावांनी विचारलं, काय झालं?

"धूर लागला," मी म्हटलं.

"हो," तात्याराव म्हणाले, "धूर फार आहे."